गेमच्या सेलमध्ये टक्क्यांआधी जीबी पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की ऑनलाईन सेलच्या जाहिरातींनी आणि बातम्यांनी पाने भरून जातात. मोबाईल, टीव्ही, वॉशिंग मशीन यांवर कुठे किती सूट आहे, हे आता खेड्यापाड्यांतही तोंडपाठ असते. कॉम्प्युटर गेमचे सेल हा मात्र वेगळाच बाजार आहे आणि त्याबद्दल मराठीत कामाचे असे फारसे वाचायला मिळत नाही. इथे माल कुरिअरने दारात येत नाही. तो आपल्याच नेटवरून, आपल्याच विजेवर, आपल्याच मशीनमध्ये उतरवून घ्यावा लागतो. पुण्या-मुंबईत फायबरवर बसलेल्याला याचे काही वाटत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णीच्या पलीकडच्या गावांत मात्र ९० टक्के सवलतीचा गेमही महागात पडू शकतो. या पट्ट्यात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि सेवा केंद्रे चालवणारे आम्ही काही जण म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

आधी घरातल्या मोठ्यांसाठी. ‘ऑनलाईन गेम’ म्हटले की रमी, सट्टा आणि कर्जात बुडालेली पोरे आठवतात. तो प्रकार निराळा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. एकदा किंमत मोजून घ्यायचा आणि घरी बसून खेळायचा गेम त्या बंदीत येत नाही. त्यात ना डाव लावायचा असतो, ना पैसे जिंकायचे असतात. उलट ‘फुकट’ म्हणून मोबाईलवर घेतलेल्या गेममध्ये पाच-पन्नास करत महिन्याला किती रुपये जातात याचा हिशोब कोणी ठेवत नाही. त्यापेक्षा ३००-४०० रुपयांचा पूर्ण गेम बापाला परवडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. गेमच्या पानावर ‘इन-अ‍ॅप परचेसेस’ (गेमच्या आत आणखी खरेदी) अशी नोंद असेल तर तेवढ्यापुरते सावध राहावे.

या बाजारातले सर्वांत मोठे दुकान म्हणजे व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचे ‘स्टीम’. गेम उतरवायचा आणि चालवायचा त्याचा प्रोग्रामही याच नावाचा. ते २००३ साली सुरू झाले आणि २०१५ पासून भारतातल्या ग्राहकांना किमती रुपयांत दाखवते. वर्षातून चार मोठे सेल लागतात: मार्चमध्ये, जूनच्या अखेरीस, शरद ऋतूत आणि डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. शरदातला सेल पूर्वी नोव्हेंबरच्या शेवटी असायचा, २०२५ मध्ये तो सप्टेंबरच्या अखेरीस आला. त्यांचा ‘समर सेल’ लागतो तेव्हा आपल्याकडे आर्द्रा नक्षत्र असते. बियाण्या-खतांत पैसा अडकलेला, विदर्भातल्या शाळा नुकत्याच उघडलेल्या, वह्या-पुस्तके आणि गणवेश बाकी. अशा वेळी पोराने ‘सेल संपतो आहे’ म्हणून घाई लावली तर खुशाल नाही म्हणावे. आज ७५ टक्के सवलतीत असलेला जुना गेम पुढच्या सेलला बहुधा त्याच किमतीत किंवा त्याहून कमी किमतीत परत येतो. डिसेंबरचा सेल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. कापसाचे चुकारे हाती येऊ लागलेले असतात, हवा थंड असते, मशीन तापत नाही. आमच्या मते आपल्या भागासाठी खरेदीचा काळ तोच.

सेल सुरू होतो तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी १० वाजता. आपल्याकडे तेव्हा मार्च, जून आणि सप्टेंबरच्या सेलला रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, डिसेंबरच्या सेलला साडेअकरा. सुरुवातीला बरेचदा दुकानाचे पान उघडत नाही, उघडले तर पेमेंट अडकते. त्या वेळी जागे राहण्यात काडीचा फायदा नाही. पूर्वी तासा-तासाला बदलणारे ‘फ्लॅश’ सौदे असत, ते २०१५ च्या अखेरीपासून बंद झाले. आता पहिल्या दिवशी लागलेली किंमत बहुतेक सगळ्या गेमना शेवटच्या दिवसापर्यंत तशीच राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी, नेटवर गर्दी नसताना, शांतपणे घ्यावे.

पैसे यूपीआयने देता येतात. खात्यातून रक्कम गेली आणि स्टीमवर ‘पेंडिंग’ दिसत असेल तर दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. नेमकी हीच चूक सर्वाधिक होते आणि मग दोन्ही व्यवहार लोंबकळत राहतात. खात्याच्या ‘परचेस हिस्ट्री’त नोंद बदलते का ते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार यूपीआयने दुकानदाराला दिलेली रक्कम त्याच्यापर्यंत पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. डेबिट कार्ड वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की २०२० पासून नवीन कार्डावर ऑनलाईन आणि परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. ते बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः चालू करावे लागतात. आणि एखादे दुकान किंमत डॉलरमध्ये लावत असेल तर बँक चलन बदलण्याचा आकार वर लावते, तो कार्टमध्ये दिसत नाही.

सवलत खरी आहे की फुगवलेली, हे ताडून पाहायला ‘स्टीमडीबी’ आणि ‘इज देअर एनी डील’ या दोन वेबसाइट पुरेशा आहेत. गेमचे नाव टाकले की आजवरच्या किमतींचा आलेख येतो. पाहायचे इतकेच: रुपयांतली आजवरची सर्वांत कमी किंमत किती, आणि ती किती वेळा लागली. वर्षात तीनदा ३०० ला आलेला गेम आज ४५० ला ‘खास सवलत’ म्हणून दिसत असेल तर तो विशलिस्टमध्ये (नंतर घ्यायच्या गेमच्या यादीत) टाकून मोकळे व्हावे. पुन्हा सवलत लागली की स्टीम ईमेल पाठवते. एक हिशोब हमखास चुकतो. गेमवर ५० टक्के आणि बंडलवर (एकत्र विकलेल्या गेमच्या जुडीवर) आणखी २० टक्के म्हणजे ७० टक्के होत नाहीत. २,००० चे आधी १,००० होतात, मग त्या १,००० वर २० टक्के कापून ८०० उरतात, म्हणजे एकूण सवलत ६० टक्केच. बंडलमधला एखादा गेम आपल्याकडे आधीच असेल तर त्याची किंमत सहसा वजा होते, तेव्हा बंडलची छापील किंमत पाहून घाबरू नये. आणि मोठ्या अक्षरांत ‘८५ टक्के सूट’ लिहिलेली वस्तू मूळ गेम आहे की त्याची जोडणी, ज्याला डीएलसी म्हणतात, ते नीट वाचावे. मूळ गेम नसेल तर डीएलसी घेऊन काही उपयोग नाही. चाकाशिवाय टायर घेतल्यासारखे ते होते.

आता मुख्य मुद्दा, जीबीचा. प्रत्येक गेमच्या पानावर खाली ‘सिस्टीम रिक्वायरमेंट्स’चा तक्ता असतो आणि त्यात ‘स्टोरेज’ ही ओळ असते. सवलतीचा आकडा पाहण्याआधी ही ओळ पाहावी. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ समोर तिथे १५० जीबी लिहिलेले आहे. ‘पोर्टल २’ समोर ८ जीबी. ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या खेळासमोर अवघे ५०० एमबी (त्यातल्या पिकाला बोंडअळी लागत नाही, हे सोडले तर खेळ चांगला आहे). प्रत्यक्ष डाउनलोड या आकड्यापेक्षा बरेचदा थोडे कमी असते, कारण फाइली दाबून पाठवलेल्या असतात. पण हिशोब या आकड्यावरच करावा.

हिशोब असा. नेटचा वेग कंपन्या मेगाबिटमध्ये सांगतात, गेमचा आकार मेगाबाइटमध्ये असतो, आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १० एमबीपीएसच्या (सेकंदाला १० मेगाबिटच्या) लाईनवर सेकंदाला सव्वा एमबी, तासाला साडेचार जीबी. ५० जीबीच्या गेमला ११ तास. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर संध्याकाळी ४ एमबीपीएस मिळाले तरी नशीब. तिथे तोच गेम २८ तास घेतो आणि १५० जीबीचा गेम साडेतीन दिवस, तेही लाईन एकदाही न जाता. रोज २ जीबीचा रिचार्ज असेल तर वेगाचा प्रश्नच उरत नाही, ५० जीबीला २५ दिवस लागतात. घरात दुसऱ्या कोणी व्हॉट्सअ‍ॅपही उघडायचे नाही, ही अट वेगळीच.

नेटची लाईन गेल्याने डाउनलोड वाया जात नाही, हे आधी सांगून टाकतो. स्टीम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू करते. वाया जाते ते वेगळ्या कारणाने: मशीन अचानक बंद पडताना हार्डडिस्कवर लिहिणे चालू असेल तर फाइल अर्धवट राहते आणि गेम सुरूच होत नाही, किंवा मध्येच बंद पडतो. अशा वेळी सगळा गेम पुसून पुन्हा उतरवू नये. स्टीमच्या लायब्ररीत (घेतलेल्या गेमच्या यादीत) गेमच्या नावावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’, मग ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी’ दाबावे. स्टीम सगळ्या फाइली तपासते आणि बिघडलेल्या तेवढ्याच परत आणते. ५० जीबीच्या जागी बरेचदा काही एमबीतच काम भागते.

दुसरी गळती अपडेटची. गेम घेऊन झाला, खेळणे सुरू झाले, आणि अचानक दिवसाचा डेटा सकाळीच संपू लागला, तर दोष स्टीमच्या आपोआप होणाऱ्या अपडेटचा असतो. प्रत्येक गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अपडेट्स’ म्हणून खाना आहे. तिथे ‘गेम सुरू करतानाच अपडेट कर’ हा पर्याय निवडावा. स्टीमच्या ‘सेटिंग्ज’मधल्या ‘डाउनलोड्स’मध्ये अपडेटसाठी रात्रीची ठरावीक वेळही लावता येते. विंडोजमध्ये हॉटस्पॉटचे कनेक्शन ‘मीटर्ड’ (डेटा मोजून वापरायचे) करून ठेवावे, नाहीतर विंडोज स्वतःचे अपडेट उतरवत बसते आणि आळ गेमवर येतो.

आता रिफंड. स्टीमचा नियम सरळ आहे: विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेले असेल तर गेम परत करता येतो, कारण विचारले जाते पण अडवले जात नाही. शहरातल्या ग्राहकाला हा नियम उदार वाटतो. आपल्याकडे त्यातली मेख अशी की १४ दिवस खरेदीच्या तारखेपासून मोजतात, डाउनलोड पूर्ण झाल्याच्या तारखेपासून नाही. रोजच्या २ जीबीवर १४ दिवसांत फार तर २८ जीबी उतरते. म्हणजे अशा रिचार्जवर ५० जीबीचा गेम घेतला, तर तो पहिल्यांदा सुरू होईपर्यंत परत करायची मुदत संपलेली असते. मशीनवर चालला नाही तर पैसे बुडाले. म्हणून फक्त मोबाईल डेटा असलेल्यांनी २० जीबीच्या वरचा गेम सेलमध्ये घेऊच नये. घ्यायचाच असेल तर उतरवायची सोय आधी, खरेदी नंतर.

२ तासांचीही गंमत आहे. गेम उघडून मेन्यूवर ठेवला तरी घड्याळ चालू राहते. ऑफलाईन खेळलेला वेळही पुन्हा नेट लागल्यावर मोजला जातो. काही नवे गेम पहिल्यांदा उघडताना ‘शेडर’ (चित्र दाखवण्यासाठी लागणारे छोटे प्रोग्राम) तयार करत बसतात. जुन्या प्रोसेसरवर त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि तोही २ तासांतच धरला जातो. तेव्हा पहिल्या तासात गेमची मजा घेऊ नये, परीक्षा घ्यावी. १,२८० बाय ७२० रिझोल्यूशन आणि ‘लो’ सेटिंगवर सरळ चालतो का. हाणामारी किंवा गर्दीच्या जागी अडखळतो का. मशीन तापून पंखा बोंबलतो का. मग स्टीम ऑफलाईन करून, नेट बंद ठेवून तोच गेम पुन्हा सुरू होतो का. यातले काहीही जमले नाही तर त्याच दिवशी परत करावा. स्टीमच्या ‘हेल्प’मधून ‘स्टीम सपोर्ट’, ‘परचेसेस’, तो गेम, आणि ‘आय वुड लाइक अ रिफंड’ अशी वाट आहे. पैसे स्टीम वॉलेटमध्ये हवेत की मूळ खात्यात ते विचारले जाते. मंजुरीनंतर साधारण आठवडाभरात येतात. वॉलेटमध्ये गेलेला पैसा पुन्हा बँकेत काढता येत नाही, हे निवडण्याआधीच लक्षात घ्यावे.

सेलच्या चार दिवस आधी पूर्ण किमतीत गेम घेतला असेल आणि तो २ तासांच्या आत असेल, तर परत करून सेलच्या किमतीत पुन्हा घेता येतो. स्टीम याला गैरवापर मानत नाही, असे त्यांच्याच नियमांत लिहिलेले आहे. संकोच करायचे कारण नाही.

मोठा गेम गावात कसा आणायचा, याचे उत्तर पेनड्राइव्ह भरून देणारी दुकाने नव्हेत. त्यात मिळणारा ‘फुकट’ गेम बहुधा चोरीचा असतो आणि त्यासोबत आणखी काय मशीनमध्ये येते ते कोणी सांगू शकत नाही. अँटिव्हायरस बंद करायला सांगितले की समजून घ्यावे. सरळ मार्ग असा आहे. तालुक्याला किंवा नागपूर-अमरावतीला नातेवाइकाकडे फायबर असेल तर तिथल्या कॉम्प्युटरवर आपल्या खात्याने लॉगिन करून गेम उतरवावा. मग ‘स्टीमअ‍ॅप्स’ फोल्डरमधल्या ‘कॉमन’ फोल्डरातून त्या गेमचा फोल्डर, आणि ‘स्टीमअ‍ॅप्स’मध्येच असलेली त्या गेमची ‘अ‍ॅपमॅनिफेस्ट’ नावाची छोटी फाइल, अशा दोन्ही बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्याव्यात. ही छोटी फाइल विसरली की घरच्या स्टीमला गेम आधीच टाकलेला दिसत नाही. फाइली घरच्या ‘स्टीमअ‍ॅप्स’मध्ये त्याच जागी टाकाव्यात, स्टीम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे आणि वर सांगितलेली फाइलतपासणी एकदा करावी. इतक्यासाठी हॉटस्पॉट पुरतो. एकाच घरात दोन मशीन असतील तर स्टीम राउटरवरून एका मशीनमधून दुसऱ्यात गेम पाठवते, त्यात नेटचा डेटा जवळजवळ लागत नाही.

डिस्क किंवा पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही आणि जागा भरपूर असूनही ‘फाइल फार मोठी’ अशी सूचना येते. ती डिस्क आधी ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ करून घ्यावी. करताना आतले सगळे पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे. नातेवाइकाच्या किंवा कॅफेच्या मशीनवरून उठताना लॉगआउट करावे, आणि विसरलेच तर ‘स्टीम गार्ड’च्या सेटिंगमधून बाकी सगळी उपकरणे एका फटक्यात बाहेर काढता येतात.

नेट अगदीच भरवशाचे नसेल तर ‘जीओजी’ हे दुकान पाहावे. तिथल्या गेमला कुलूप नसते. गेमची इन्स्टॉल फाइल उतरवून घेतली की ती हार्डडिस्कवर कायमची आपली. पुढे लॉगिन न करता, नेटशिवाय कितीदाही टाकता येते. मोठे गेम तुकड्यांत येतात, सगळे तुकडे एकाच फोल्डरात असले पाहिजेत, एक जरी राहिला तरी इन्स्टॉल मध्येच थांबते. परत करायची मुदत तिथे ३० दिवसांची आहे. कायद्याने पाहता सगळ्याच दुकानांत आपण घेतो तो वापरण्याचा परवाना, मालकी नव्हे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे स्टीम आता कार्टमध्येच तसे लिहून दाखवते.

स्टीमवरही बहुतेक एकट्याने खेळायचे गेम ऑफलाईन चालतात, पण अट आहे: नेट असताना एकदा गेम पूर्ण सुरू केलेला हवा, अपडेट बाकी नको, लॉगिन लक्षात ठेवायची खूण केलेली हवी, आणि मग ‘गो ऑफलाईन’ करावे. गेमच्या पानावर उजव्या बाजूला ‘थर्ड-पार्टी अकाउंट’ लागते अशी पिवळसर पट्टी दिसली तर तो गेम आणखी एका कंपनीचे लॉगिन मागणार. एकट्याने खेळायचा असूनही नेट गेले की मेन्यूवर परत फेकणारे गेम याच जातीत सापडतात. आमच्या भागात अशा गेमची ९० टक्के सवलत आम्ही शून्य धरतो.

मशीनचे थोडक्यात. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून आलेले जुने ऑफिस कॉम्प्युटर आपल्याकडे घरोघरी आहेत. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला आणि १ जानेवारी २०२६ पासून ३२-बिट विंडोजचाही. म्हणजे ४ जीबी रॅमवर ३२-बिट विंडोज टाकून दिलेले मशीन आधी ६४-बिट करून घ्यावे, गेम नंतर. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून डी-एक्स-डी-आय-ए-जी ही अक्षरे टाकली की प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तिघांची नावे एका खिडकीत येतात. ती कागदावर उतरवून गेमच्या ‘मिनिमम’ रकान्याशी ताडावीत. ‘इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे’ एवढे सांगून काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हमध्ये ‘एव्हीएक्स २’ ही सोय नाही, ती चौथ्या पिढीपासून, २०१३ मध्ये आली. काही नवे गेम तिच्याविना उघडतच नाहीत. चपट्या पेटीच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायचे तर ते बुटके आणि वेगळी पॉवर वायर न मागणारे, म्हणजे ७५ वॉटच्या आतले हवे. उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात मशीन ठेवू नये, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात. आणि जूनच्या सेलच्या दिवसांत वीज कडाडू लागली की डाउनलोड चालू असले तरी राउटर आणि मशीन दोन्हींचे प्लग काढावेत. स्विच बंद करून भागत नाही.

घरात दोन-तीन पोरे असतील तर एकच गेम दोनदा घ्यायची गरज नाही. २०२४ पासून स्टीमवर एका घरातल्या ६ जणांचे ‘फॅमिली’ करता येते आणि एकमेकांचे बरेचसे गेम खेळता येतात. दोघे एकाच वेळी दोन वेगळे गेम खेळू शकतात; तोच गेम दोघांना एकाच वेळी खेळायचा तर दोन प्रती लागतात. मित्रांना त्यात ओढू नये. बाहेर पडले तरी आधीच्या फॅमिलीत आल्यापासून वर्ष पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या फॅमिलीत जाता येत नाही, आणि एकाने गेममध्ये चीटिंग केले तर ज्याचा गेम त्याच्यावरही बंदी येते. आणि ज्यांना एक रुपयाही घालायचा नाही, त्यांनी ‘एपिक’ दुकानाचे खाते काढून ठेवावे. तिथे दर गुरुवारी रात्री मोफत गेम बदलतो, तो खात्यात जमा करून ठेवता येतो आणि उतरवणे केव्हाही.

फसवणुकीचे प्रकार सेलच्या आठवड्यात वाढतात. टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवर ‘५० रुपयांत कोणताही मोठा गेम’ म्हणून विकतात ती एक सामाईक खाती असतात. तोच पासवर्ड अनेकांना विकलेला असतो, आणि मूळ मालकाने तो बदलला की खेळ खलास. बाहेरच्या साइटवर स्वस्तात मिळणाऱ्या ‘की’, म्हणजे गेम खात्यात जमा करायचे कोड, कधी चोरीच्या कार्डावर घेतलेल्या निघतात आणि नंतर रद्द होतात, कधी भारतात चालतच नाहीत. बाहेरून घेतलेल्या कीचे पैसे स्टीम परत करत नाही. मेसेजमधून आलेल्या दुव्यावर लॉगिन करू नये, अनोळखी क्यूआर तर मुळीच स्कॅन करू नये, कारण स्टीमच्या मोबाईल अ‍ॅपने क्यूआर स्कॅन करून होकार दिला की समोरचा आपल्या खात्यात शिरतो. रिफंड घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.

संपादक महोदय, एक मागणी आहे. आपल्या पुरवणीत सेलच्या सवलतींची यादी छापताना गेमही घेत चला, आणि घ्याल तेव्हा किमतीच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने द्या: गेम किती जीबीचा, नेटशिवाय चालतो का, आणि किमान कोणते ग्राफिक्स लागते. जीबी आणि ग्राफिक्स तर गेमच्या पानावरच लिहिलेले असतात. डिसेंबरच्या सेलआधी अशी २० गेमची यादी आली तर आम्ही ती आमच्या केंद्रांच्या भिंतीवर लावू.

आपले,
कॉम्प्युटर दुरुस्ती व सेवा केंद्रे चालवणारे काही वाचक,
दारव्हा-दिग्रस परिसर, जि. यवतमाळ